बारावीची ही पोरं: निकाल लागायच्या आधी लिहून ठेवतोय

ब्युरेटवाला | 29 मार्च, रात्री 10:40

बारावीचे पेपर संपले. कॉलेज रिकामं पडलंय आणि मी दिवसभर लॅबमध्ये काचसामान मोजत बसलोय. डेड स्टॉकच्या रजिस्टरात काय आहे, कपाटात काय आहे आणि या वर्षीच्या बॅचनं काय काय फोडलं, याचा मेळ घालायचं काम. मेळ बसत नाही. दरवर्षी बसत नाही.

मी सांगलीतल्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीचा लॅब असिस्टंट. शिकवणारे ते सर, मी मामा. सरांना पोरं उत्तरं सांगतात, मामाला बाकीचं सगळं सांगतात.

मे महिन्यात निकाल लागला की प्रत्येकाच्या नावापुढं एक आकडा चिकटणार. मग पोरगं रस्त्यात भेटलं तरी आधी आकडाच आठवतो. माझंही तसंच होतं, खोटं कशाला बोलू. म्हणून यंदा आकडा यायच्या आधी लिहितोय. नावं देणार नाही, टोपणनावं लॅबमधलीच आहेत. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना फोन करून विचारलंय. एकानं "फोटो पण टाका की" म्हटलं, ते मी ऐकलेलं नाही.

ज्यांनी सायन्स घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बारावीला टायट्रेशन असतं, म्हणजे थेंब थेंब टाकून द्रावणाची ताकद मोजायची. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली नळ असलेल्या उभ्या काचेच्या नळीत, पोटॅशियम परमँगनेट, गर्द जांभळं. खाली फ्लास्कमध्ये गरम केलेलं ऑक्झॅलिक ॲसिड. नळ जरासा सोडायचा. जांभळा थेंब पडतो आणि विरतो, पडतो आणि विरतो. मग एक थेंब असा येतो की विरतच नाही, फिका गुलाबी होऊन राहतो. तिथं नळ बंद करायचा. आणखी एक पडला की रीडिंग गेलं. इतकी वर्षं हे बघून माझं मत झालंय की नळावरच्या बोटांवरून पोरगं कळतं. सर हसतात. हसू देत.

एक थेंब. कवठेमहांकाळकडची. पहाटेची एसटी धरून यायची, लॅबचं कुलूप उघडायला मी आलो की ही पायरीवर जर्नल लिहीत बसलेली. तिन्ही रीडिंग हमखास एकसारखी. बाकीच्या पोरी तिच्या रीडिंगवरून आपली 'जुळवून' घ्यायच्या, हे सरांना सांगू नका. तिला डॉक्टर व्हायचंय आणि तेसुद्धा मिरजेतच. आठवीत असताना आजीला मिरजेत दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा ही आईबरोबर 19 दिवस व्हरांड्यात होती. "मामा, कुठल्या खिडकीला काय मागायचं सगळं पाठ झालंतं मला. रात्री नवीन लोक यायचे त्यांना मीच सांगायची."

नीटचे 180 प्रश्न, 720 मार्क, चुकलं की वरून एक जातो. तिचा हिशोब सरळ आहे. सरकारी सीट लागली तर एमबीबीएस, नाही लागली तर बीएस्सी नर्सिंग. खाजगी कॉलेजचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. एक वर्ष थांबून परत नीट दे, असं मी म्हटलं तर म्हणाली, "मागं दोन भाऊ हायत मामा, लाईन लागलीय." शेवटच्या प्रॅक्टिकलला तिनं एसटीचा पास काढून दाखवला. मुलींना बारावीपर्यंत तो मोफत असतो. "हा संपला आता. पुढं अर्धं तिकीट." पास मात्र तिनं टाकून दिला नाही, कंपासमध्येच ठेवलाय.

बेदाणा. तासगावचा. घरची बेदाण्याची शेड. आणि बोर्डाची परीक्षा बरोबर बेदाण्याच्या हंगामात. प्रॅक्टिकलला आला तेव्हा हाताला डिपिंग ऑइलचा वास, नखं पिवळी. सॉल्ट ओळखायला दिलं, त्यानं ॲसिड टाकलं, फसफसलं. एक्स्टर्नल सर, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, शेजारी उभे. हा एकदम मोठ्यानं, "मामा, ह्ये आमच्या शेडवर पोत्यानं असतंय की!"

खरंच होतं त्याचं. पोटॅशियम कार्बोनेट. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, तो असला की आतलं पाणी लवकर बाहेर येत नाही. म्हणून पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या, म्हणजे इथाइल ओलिएटच्या, पाण्यात घड बुडवून काढतात आणि मग रॅकवर पसरतात. पंधरवड्याच्या आसपास बेदाणा तयार. हे आमच्या पुस्तकात नाही, हे त्यानं एक्स्टर्नलना सांगितलं. लिटरला किती ग्रॅम तेही सांगितलं. एक्स्टर्नलनी तोंडी परीक्षेत दुसरा प्रश्न विचारलाच नाही, उलट घरी न्यायला चांगला बेदाणा कुठं मिळेल ते विचारलं.

बापाला वाटतं इंजिनिअर व्हावं. पोराला फूड टेक्नॉलॉजी करायचंय. सौद्यात रंगावरून भाव पडतो आणि एक पाऊस आला की सगळी रॅक काळी पडते, त्यावर काहीतरी काढायचं म्हणतो. काय काढणार हे त्याला अजून माहीत नाही. नळावर बोट कसं? घाई नाही, पण गप्पा मारत सोडतो. दोन थेंब जादा.

बाकीची उद्या. डोळे मिटायला लागलेत.

---

मिरज_जंक्शन | 29 मार्च, रात्री 11:25

मामा, झोपू नका. सतारमेकर गल्लीतली एक पोरगी तुमच्याकडंच होती ना? आमच्या शेजारची. तिच्याबद्दल लिहा, नाहीतर मी लिहितो.

---

काठावरचा | 30 मार्च, सकाळी 7:10

छान लिहिलंय. एक शंका. पोरं अल्पवयीन असतील. तालुका आणि घरचा धंदा वाचून गावात कोणीही ओळखेल. काळजी घ्या.

---

ब्युरेटवाला | 30 मार्च, सकाळी 9:00

@काठावरचा, बरोबर बोललात. आईबापांशीही बोललोय, आणि दोन-तीन ठिकाणी गाव आणि खुणा बदलल्यात. बेदाण्याची शेड तासगावात दर वळणाला आहे, त्यामुळं तो सापडणं अवघड.

@मिरज_जंक्शन, घ्या.

सतारवाली. वडील, काका, आजोबा सगळे सतार-तंबोरे करणारे. मंगळवेढ्याकडून भोपळे येतात, ते माळ्यावर टांगलेले, त्यांच्याखाली हिचं अभ्यासाचं टेबल. घरात मुलींनी हत्यार हातात घ्यायची पद्धत नव्हती. हिनं आजोबांजवळ बसून बसून जवारी काढायला शिकून घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस मारून तो उतार असा करायचा की तार नुसती वाजत नाही, गुंजते. केसाएवढं जास्त घासलं की आवाज बसला. आता कळलं का तिचं टायट्रेशन का चुकत नव्हतं? ब्युरेटकडं ती डोळ्यानं बघतच नाही, कान लावल्यासारखी मान वाकडी करते.

तिला वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे. सांगलीत सायन्स-मॅथ्स घेतलेल्या प्रत्येक पोराला विश्रामबागेतलं ते गेट पाहिजेच असतं, त्यात नवल नाही. तिचं कारण वेगळं आहे. जवारी आजोबांच्या हातात आहे, आणि आजोबा 81 वर्षांचे. तो आवाज मापात धरून ठेवता येतो का, हे तिला बघायचंय. मी म्हटलं, मशीन जवारी काढणार काय? तर रागावली. "मशीन नाही मामा. मोजमाप. उद्या माझा हात चुकला तर कुठं चुकला ते कळाय नको?"

---

मिरज_जंक्शन | 30 मार्च, सकाळी 9:40

हां, आता कसं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. पण पोरं शिकायला बसत नाहीत ही रड आहेच. आजोबांचं वय तुम्ही एकानं कमी लिहिलंय, ते 82 सांगतात. 79 असतील.

---

पुण्यातला_सांगलीकर | 30 मार्च, दुपारी 1:15

वाचायला गोड आहे सगळं. पण मामा, पाच वर्षांनी परत धागा काढा. बेदाणा हिंजवडीत असेल, सतारवाली बेंगळुरात, आणि दोघंही दिवाळीला भडंगाची पाकिटं घेऊन परत जातील. मी तेच करतो. माझ्या बॅचचे आम्ही 60 होतो, सांगलीत 9 उरलेत. हिशोब मीच केलाय, व्हॉट्सॲप ग्रुप बघून.

---

यवतेश्वरी | 30 मार्च, दुपारी 3:30

साताऱ्याहून. मी कला शाखेला मराठी शिकवते. आमच्याकडं ब्युरेट नाही, निबंधाच्या वह्या आहेत, त्यावरून कळतं तेवढं कळतं. दोघांबद्दल सांगू का? धागा पळवत नाही.

एक मुलगी आपशिंग्याची. 'आपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात गावाला, घरटी कोणी ना कोणी फौजेत. हिच्या घरी पणजोबांपासून. पण सगळे पुरुष. ही सातवीत होती तेव्हा, 2021 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं मुलींना एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा द्यायला मिळाली. मे 2025 मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याहून बाहेर पडली, 17 जणी. त्या परेडचा व्हिडिओ तिनं मला ऑफ तासाला दाखवला, मग स्टाफरूममध्ये दाखवला, मग शिपाईमामांना. कला शाखेतून एनडीएच्या आर्मी विंगला जाता येतं हे तिनंच मला सांगितलं. मी इतकी वर्षं मुलांना उलटंच सांगत होते, कबूल करते. निबंध कोरडे लिहिते ती. विशेषण नाहीच. 'माझी आजी' या विषयावर लिहिलेलं पहिलं वाक्य: 'आजीने तीन वेळा तार घेतली.' फौजेकडून यायची ती, वाईट बातमीची तार. मी लाल पेन खाली ठेवलं.

दुसरा माण तालुक्यातला, इथं वसतिगृहात राहतो. घरी मेंढरं. ललिता बाबर त्यांच्याच तालुक्यातली, रिओच्या ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची फायनल पळालेली, त्यामुळं तिकडं जो तो पळतोच. हा पळत नाही. हा बसतो आणि ओव्या गोळा करतो. आजीच्या, आत्याच्या, शेजारणींच्या. मोबाईलवर 200 च्या वर रेकॉर्डिंग आहेत. त्याला मराठी घेऊन बीए करायचंय. वडिलांनी मला फोन करून विचारलं, "बाई, यात पोट भरंल का?" मी गप्प झाले क्षणभर. मग सांगितलं, कमवा आणि शिका योजनेत नाव घालू, शिकेपर्यंतचा खर्च सुटेल. कर्मवीर अण्णांनी, भाऊराव पाटलांनी, 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती असल्याच पोरांसाठी. पण त्यांच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. त्यांना ते कळलं, मलाही.

---

काठावरचा | 30 मार्च, दुपारी 4:05

त्या पोराला म्हणावं रेकॉर्डिंगची दुसरी प्रत ठेव. मोबाईल पाण्यात पडतात. आम्हा सांगलीकरांना विचारा.

---

विश्रामबागची_आई | 30 मार्च, संध्याकाळी 6:50

थोडं व्यवहाराचं विचारते, माफ करा. मुलीला इंजिनिअरिंग नाही तर फार्मसीला घालायचंय. मुलींची फी माफ झाली म्हणतात ती खरीच माफ आहे का? कॉलेजवाले प्रत्येक जण वेगळं सांगतात.

---

सेतूची_रांग | 30 मार्च, संध्याकाळी 7:30

खरी आहे, अटी आहेत. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला नाही. होस्टेल, मेस, बसचे पैसे यात येत नाहीत, तिथंच लोक फसतात.

आणि ताई, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाईल आत्ताच काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. दाखल्यावरच्या नावात आणि आधारवरच्या नावात वेलांटीचा फरक असला तरी परत पाठवतात, तेवढं आज रात्रीच बघून घ्या.

---

विश्रामबागची_आई | 30 मार्च, रात्री 8:15

बघितलं. उकाराचा फरक निघाला. उद्या जाते.

---

ब्युरेटवाला | 31 मार्च, रात्री 9:50

@यवतेश्वरी ताई, धागा पळवा हो, तीन वेळा तार घेतलेली आजी माझ्या डोक्यातून जाईना.

@पुण्यातला_सांगलीकर, तू 60 मधला 52 नंबर का? दोन पिपेट फोडून पैसे न भरता पळालेला? भाषेवरून ओळखलं.

आता राहिलेली दोघं.

अम्लराज. विट्याकडची, इथं लेडीज होस्टेलला. तिचे वडील तमिळनाडूत गलाईच्या दुकानात. खानापूर-आटपाडीकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: त्या दुष्काळी पट्ट्यातले लोक पिढ्यानपिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायचं काम करतात. कुठल्याही मोठ्या सराफ बाजारात जा, मागच्या बोळात मराठी ऐकू येईल. ही सातवीपर्यंत तिकडं शिकली. तमिळ फाडफाड बोलते, फोनवर बापाशी भांडताना तमिळच.

एकदा लॅबमध्ये नायट्रिक ॲसिडमध्ये तांब्याचा तुकडा पडला आणि तपकिरी धूर निघाला. पोरं ओरडत मागं सरली. ही शांतपणे जाऊन खिडकी उघडून आली. म्हणाली, "पप्पांच्या दुकानात ह्यो रोजच." चांदी नायट्रिकमध्ये विरघळते, सोनं खाली राहतं. सोनं विरघळवायचं तर अम्लराज, म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक. हे ती सहावीत असल्यापासून बघत आली. त्या धुरानं वडिलांना खोकला धरलाय, तो दहा-दहा मिनिटं थांबत नाही, फोनवर मीही ऐकलाय.

जून 2021 पासून दागिन्यांना हॉलमार्किंग सक्तीचं झालं. म्हणजे सोनं तपासणाऱ्या सेंटरला काम आलं. तिचा बेत असा: बीएस्सी केमिस्ट्री, मग एमएस्सी, मग विट्यात स्वतःचं हॉलमार्किंग सेंटर, आणि वडिलांना तिकडून उचलून आणून काउंटरवर बसवायचं. धुराला चांगला मोठा पंखा. पंख्याची किंमतसुद्धा तिनं काढून ठेवलीय. @पुण्यातला_सांगलीकर, ही तरी परत येणारी आहे बघ. उलट बापाला घेऊन येणारी.

वाऱ्या. कुपवाडचा. या वर्षीच्या फुटलेल्या 11 बीकरपैकी 6 त्याचे. टायट्रेशनला नळ उघडायचा तो सरळ उघडायचाच. फ्लास्क पांढरा आहे म्हणेपर्यंत वांग्याच्या रंगाचा. "मामा, पडलं ओ. परत करू काय?" अख्ख्या वर्षात फिका गुलाबी त्यानं स्वतःच्या हातानं आणलेला नाही. डिसेंबरमध्ये मी त्याचं मनगट धरून थेंब सोडायला लावला. दिसला गुलाबी. त्यावर म्हणतो कसा, "एवढ्यासाठी?"

पण पहाटे पाचला ग्राउंडवर बघावं त्याला. 1600 मीटर पळतो तेव्हा पाय जमिनीला लागलेत का शंका येते. पोलीस भरती, दुसरं काही नाही. वडील एमआयडीसीत, त्यांची कंपनी अधूनमधून बंद असते, हा सुट्टीत कुरिअरची पाकिटं पोचवतो, त्यामुळं अख्ख्या सांगलीचे बोळ पाठ. 2019 च्या पुरात हा प्राथमिक शाळा सोडून नुकताच हायस्कूलला गेलेला. त्याच्या सख्ख्या मामाचं घर सांगलवाडीत. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं तेव्हा. धोक्याची पातळी 45. पोलिसांच्या बोटीतून मामीला आणि म्हशीच्या रेडकाला काढलं. रेडकू आधी, कारण मामीनं तसं सांगितलं. बोटीतला हवालदार त्या रेडकाला मांडीवर धरून बसलेला त्यानं बघितला. भरतीचा फॉर्म भरायला ऑक्टोबर उजाडेल, 18 पूर्ण व्हायला पाहिजेत. तोवर बीएला नाव घालून ठेवणार.

फॉर्मला बारावी पास लागतं. तेवढी एकच काळजी आहे. गणिताच्या पेपरादिवशी बाहेर येऊन "बरा गेला" म्हणाला. त्याचं 'बरा' मला ठाऊक आहे.

---

पुण्यातला_सांगलीकर | 31 मार्च, रात्री 10:30

एकच पिपेट मामा. दुसरी शेजारच्यानं फोडली, नाव माझं लागलं. पैसे कुणाला पाठवू?

---

ब्युरेटवाला | 31 मार्च, रात्री 10:34

राहू दे. येशील तेव्हा नवीन बॅचशी बोल तासभर.

---

ब्युरेटवाला | मे, निकालाच्या दिवशी, संध्याकाळी 6:20

धागा वर आणतोय. आकडे विचारू नका, धागा ज्यासाठी काढला तेच मोडायचं नाहीये. एक थेंब, सतारवाली, अम्लराज, बेदाणा, सगळे पास. नीट आणि सीईटीचं अजून यायचंय. बेदाण्याचा बाप पेढे घेऊन आला आणि फूड टेक्नॉलॉजी म्हणजे नेमकं काय असतं ते मला विचारून गेला. मला जेवढं माहीत होतं त्यापेक्षा थोडं जास्तच सांगितलं.

वाऱ्या गणितात राहिला.

दुपारी लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. मी काही बोललो नाही, तोही नाही. मग म्हणाला, "मामा, सहा बीकरचे पैसे भरतो आधी." मी रजिस्टर बंद केलं आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म काढला. मला गणित येत नाही. सतारवालीला फोन लावला, तिनं पुढचं ऐकूनही घेतलं नाही, कुठले चॅप्टर राहिलेत तेवढंच विचारलं.

---

यवतेश्वरी | मे, निकालाच्या दिवशी, रात्री 9:05

आमची दोन्ही मुलं पास. ओवीवाल्याचे वडील स्वतः साताऱ्याला आले होते, फॉर्मवर सही करून गेले. कुठल्या फॉर्मवर ते विचारा.

---

मिरज_जंक्शन | मे, निकालाच्या दिवशी, रात्री 9:20

विचारलं.

---

यवतेश्वरी | मे, निकालाच्या दिवशी, रात्री 9:22

बीए, मराठी.

---

ब्युरेटवाला | निकालानंतर तिसऱ्या दिवशी, रात्री 8:40

प्राचार्यांनी तोंडी परवानगी दिलीय. रविवारी दहाला लॅब उघडतोय. सतारवाली मिरजेहून साडेनऊच्या बसनं येणार, फळा मला पुसून ठेवायला सांगितलाय. वाऱ्याला म्हटलं कुपवाडहून सिटी बस आहे, तर पळतच येतो म्हणाला.